मागे घेताना

गाडीमागे जोडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, कॅरॅव्हॅन-क्लबाच्या मैदानात मागे घेता घेता लोरीला घाम फुटला. उजवीकडे न्यावी, तर ती अडेल मेंढीसारखी डावीकडेच जायची. मागच्या सीटवर दोन्ही पोरं खिदळत होती. नवरा चिखलात उभा राहून दोन्ही हातांनी भलतंच काहीतरी दाखवत होता. त्यात क्लबातली सगळी म्हातारी मंडळी चहाचे मग घेऊन बाहेर आली आणि समोरच खुर्च्या टाकून ओळीनं बसली. क्लबाबरोबरच्या पहिल्याच सहलीला असं हसं व्हावं?

शेवटी तिनं काच खाली केली. "काय आजोबा, तमाशा लागलाय का इथे?"

पहिल्या खुर्चीतल्या एमलिनसाहेबांनी, क्लबाच्या अध्यक्षांनी, डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

"रागावू नकोस, पोरी. इतकी वर्षं या मैदानातून एकेकाची कॅरॅव्हॅन कायमची बाहेर जाताना बघत आलोय आम्ही. लेकरंबाळं घेऊन कुणीतरी आत येतंय, ते डोळे भरून बघू दे."

लोरीनं हळूच पुन्हा गिअर टाकला.

"आणि चुकलीस तर चूक," ते म्हणाले. "तेवढंच जास्त बघायला मिळेल."