जे गाडीत चढत नाही

“सिलिंडर आम्ही नेत नाही, काकू,” पूनमसिंगनं कागदावर फुली मारली. “भरलेलं नाही, रिकामंही नाही.”

“बरं. आन् इन्व्हर्टरची बॅटरी?”

“तिच्यात अ‍ॅसिड असते. नाही जमत.”

“रॉकेलचा स्टो?”

“रॉकेल काढून, धुऊन, वाळवून ठेवा. मंग नेतो.”

यवतमाळच्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीचा हा माणूस दिग्रसला बेबीताईंच्या घरी सामान पाहायला आला होता. पाहणी फुकट असते. माणूस येतो, खोल्या फिरतो, काय न्यायचं नि काय नाही ते लिहून घेतो आणि भाव सांगून जातो. अर्ध्या तासाचं काम. इथं तास उलटून गेला होता आणि अजून स्वयंपाकघरच चाललं होतं.

बेबीताईंची सकाळपासून तयारी. खुर्ची पंख्याखाली सरकवलेली, पोहे भिजवलेले, ठेवणीतल्या कपबशा बाहेर. जावई यायचा असावा असा थाट. भाव सांगायला आलेल्या माणसासाठी एवढं कोणी करत नाही, पण बेबीताईंचा हात पहिल्यापासून सैल.

बेबीताईंचे यजमान देवराव जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. मशीनच्या धडधडीत बोलायची सवय, म्हणून घरीही ते ओरडूनच बोलायचे. ते गेले आणि घर खायला उठलं. भिंतींना कान असतात म्हणे, पण उत्तर द्यायला तोंड नसतं, हे बेबीताईंना चांगलंच कळलं. एखादा दिवस असा जायचा की संध्याकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटायचा. त्याची त्यांना भीती वाटू लागली होती. या गप्पपणातून सुटायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पुष्कळ दिवस विचार करून त्यांनी त्यावर मार्ग काढला होता.

“पुण्याले पोराकडं चालली मी,” पोह्यांवर शेव भुरभुरत त्या म्हणाल्या. “एकच पोरगं हाय. चौथ्या मजल्यावर राह्यते.”

“बरं झालं. एकटं कायले राहाव? त्याचा नंबर सांगा. तिकडं सामान उतरवतांनी लागन.”

“त्याले कामावर फोन चालत नाही. तुम्ही मलेच करा.”

पूनमसिंगनं मान हलवली. बेबीताईंनी लोणच्याची बरणी पुढं केली.

“तेलाचं काही नेत नाही, काकू. सांडलं तं दुसऱ्याच्या गाद्या खराब.”

“यातले आंबे बोरी अरबचे हायेत. माह्या भावाच्या वावरातले.” आणि मग भाऊ, त्याचं वावर, त्यातलं झाड, झाडावरून पडून मोडलेला भावाचा हात, हे सगळं निघालं. पूनमसिंगनं पेन खिशाला लावलं आणि ऐकून घेतलं. भला माणूस होता.

“कुरडया?”

“खायचं काहीच नाही. उंदीर लागतात.”

“तुळस?”

“जित्तं काही नेत नाही. झाड नाही, मांजर नाही.”

“आन् म्हातारी?”

पूनमसिंग मोठ्यानं हसला. बेबीताईही हसल्या. त्याचं हसणं थांबल्यावरही त्यांचं चालूच होतं. पदरानं डोळे पुसत त्यांनी देव्हाऱ्याकडं बोट केलं.

“देव?”

“देव मांडीवर न्यायचे असतात, काकू. आमच्या तांड्यावरबी देव सामानात टाकत नाहीत. तुमाले तं हे ठाऊकच असन.”

“हाय ठाऊक. तरी इचारलेलं बरं.”

“मले तं वाटते, माह्यापेक्षा तुमालेच यादी जास्त पाठ आहे.”

मधल्या खोलीतलं कपाट मापायला त्यानं जरा पुढं ओढलं. पाठीवर खडूनं चौदाचा आकडा लिहिलेला होता.

“हा कोणं लिवला?”

“आधी एक जण आलता. त्याचं-माहं जमलं नाही.”

पूनमसिंगनं आकडा तळहातानं पुसला आणि तिथं आपल्या यादीतला लिहिला. मग घड्याळ पाहिलं. त्याला अजून दारव्ह्याला एक घर पाहायचं होतं. तो उठला तशा बेबीताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“माळा राह्यला नं, भाऊ!”

तो शिडी लावून माळ्यावर चढला. तांब्याचा बंब निघाला, दोन पितळी घागरी निघाल्या. सगळ्यात मागं, वर्तमानपत्रात बांधलेला एक लाकडी पाळणा. कागद पिवळा पडला होता, पण सुतळीच्या गाठी दुकानदारानं मारल्या तशाच होत्या.

“हा नेता का तुम्ही?” खालून बेबीताईंनी विचारलं.

“लाकडी सामान आहे. याले काय होते? नेतो नं.”

“मंग लिवून घ्या.”

त्यानं लिहून घेतलं. बेबीताईंनी बळेच दुसरा चहा पाजला. त्यानं भाव सांगितला, तो त्यांनी नीट ऐकलासुद्धा नाही.

“तारीख ठरली का फोन करते,” त्या म्हणाल्या.

“लवकर ठरवा, काकू. दिवाळीत गाड्या भेटत नाहीत.”

मोटरसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या. मग आत आल्या. घर पुन्हा गप्प झालं होतं. त्यांनी घाईघाईनं कपबशा विसळल्या, चष्मा लावला आणि पेपरात आलेल्या जाहिरातीवरून अकोल्याचा एक नंबर फिरवला.

“हॅलो, घर हलवायचं हाय. दिग्रसहून बोलून राह्यली. सामान पाहाले माणूस पाठवता का?... नाही, बुधवारी नको, बुधवारी अमरावतीचे येऊन राह्यले. शुक्रवारी पाठवा.”

पलीकडून एका मुलीनं विचारलं, “सामान कुठं न्यायचं आहे, आजी?”

बेबीताईंनी क्षणभर विचार केला.

“भोपाळले,” त्या म्हणाल्या. “पोरीकडं.”