वारा तोंडावर

दुकान दादाकडे सोपवलं आणि बाबांनी गिअरची सायकल घेतली. आईने पहिल्याच दिवशी अट घातली, "ज्या दिवशी सायकल मारत घरी नाई आले, त्या दिवशी थे भाच्याले देऊन टाकाची."

परवा हिंगणघाटात थंडी अशी, की ऊन वर आलं तरी कोणी शेकोटी सोडेना. बाबा मात्र कानटोपी चढवून निघाले. जाताना वारा पाठीशी होता. थोड्याच वेळात कुठल्याशा गावच्या टपरीवरून फोटो आला : एका हातात चहा, दुसरा कमरेवर, मागे तुरीचं शेत आणि हिंगणघाटच्या जिनिंग मिलकडे निघालेला कापसाचा टेम्पो.

"आता येतानी वारा तोंडावर हाये," फोटो बघून आई एवढंच म्हणाली.

पण बाबा गेले त्याहून लवकर परत आले. अंगणात सायकल लावून शेजारच्या डोमाजीकाकांना सांगू लागले, "काय वारा होता बाप्पा! पण एकदाबी खाली उतरलो नाई. पुरा रस्ता पायडल मारत आलो."

"मानलं बुवा तुमाले!" काका म्हणाले.

आई बाबांच्या मागे उभी राहून त्यांच्या स्वेटरवरून काहीतरी वेचत होती.

"काय करून राह्यली वं?" बाबांनी विचारलं.



"देवाच्या वातीसाठी कापूस जमा करून राह्यली. असेच रोज पायडल मारत येत जा, वर्षभराच्या वाती होऊन जातीन."