सव्वीस भजनं

"मामा, या प्लेअरमध्ये आईंची पाचच भजनं मावतात. फाइली लहान करू द्या ना," सून पुन्हा म्हणाली.

भजनं सव्वीस होती. बायको आजारी पडण्याआधी तिच्या मंडळाने ती चांगल्या यंत्रावर रेकॉर्ड करून घेतली होती. फाइल लहान केली की बारीकसारीक आवाज जातात, असं मी ऐकलं होतं. ताल धरताना तिच्या बांगड्या वाजायच्या. त्या गेल्या तर? सव्वीसातली पाच निवडवतही नव्हती. म्हणून बायको गेल्यापासून आठ महिने मी सकाळी काही न ऐकता नुसताच फिरायला जात होतो.

सुनेने वाद घातला नाही. एकच भजन दोनदा ऐकवलं, एकदा मूळ आणि एकदा लहान केलेलं; आधी कुठलं ते सांगितलं नाही. मी डोळे मिटून बांगड्या ऐकल्या.

"दुसरं मूळ आहे," मी म्हणालो. "पैज लाव."

"दुसरं लहान केलेलं आहे, मामा. आणि मूळ फाइली कॉम्प्युटरवर तशाच राहतील."

"मग सगळी कर."

दुसऱ्या दिवशी बायकोचं गाणं ऐकत मी नदीपर्यंत जाऊन आलो. सून कणीक मळत होती.

"काय म्हणाल्या आई?" तिने विचारलं.

"सुनेला चहा करून द्या म्हणाली," मी म्हणालो आणि आधण ठेवलं.