हरकतीचा अर्ज

घरामागच्या मोकळ्या जागेत शाळा होणार असं कळलं, तशी ती तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन हरकतीच्या अर्जासाठी दारोदार फिरली. "घंटा, गलका, गाड्यांची रांग! हिला झोप कशी लागायची, काकू?" तिच्या बोलण्यापेक्षा खांद्यावरच्या त्या झोपलेल्या जिवानेच जास्त सह्या मिळवल्या. शाळा गेली पार गावाच्या दुसऱ्या टोकाला.

चार वर्षांनी, नीट उजाडायच्या आत, पेंगणाऱ्या लेकीच्या पायांत ती मोजे चढवत होती. व्हॅनने शाळा पाऊण तासावर.

"आई, व्हॅनकाका सांगत होते, शाळा आपल्या मागेच होणार होती. पण लोकांनी नको म्हटलं."

"तो पाय दे बघू इकडे."

"त्या लोकांना मुलं नव्हती का गं?"