साखरेला एक, चहाला दोन

काचबिंदूनं मामंजींच्या दुसऱ्या डोळ्याचीही नजर गेली, तेव्हा सणाला माहेरी आलेल्या वन्सं सुमित्राला म्हणाल्या, "वहिनी, पाडवा झाला की बाबांना आश्रमात ठेवू. तुम्ही दोघं दिवसभर कामावर. घरात कुठं अडखळून पडले म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी सुमित्रानं पदर खोचला आणि पाडव्याची साफसफाई काढली. मोडक्या खुर्च्या, रद्दीचे गठ्ठे, वाटेतला जुना कूलर, सगळं भंगारात घातलं. खाटेपासून ओट्यापर्यंतची वाट मोकळी झाली. नवे डबे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बिस्किटांचे रिकामे डबे घासले आणि त्यांना दुधाच्या पिशव्यांची रबरं चढवली. साखरेला एक, चहाला दोन. मग मामंजींचा हात धरून फळीवरचा एकेक डबा ओळखायला शिकवला. पहिल्या दिवशी त्यांनी साखर सांडली, चौथ्या दिवशी बोट भाजून घेतलं.

"राहू दे गं पोरी, नाही जमायचं."

"जमेल मामंजी. पुन्हा करा," ती म्हणाली.

पाडव्याच्या सकाळी वन्सं उठून आल्या, तर मामंजी ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत होते. त्यांनी कप पुढे केला. वन्संनी एक घोट घेतला, वरून थोडी साखर घातली आणि डबा तसाच ओट्यावर ठेवून दिला.

मामंजींनी फळीवर हात फिरवला.

"साखर कुठं ठेवलीस?" ते करड्या आवाजात म्हणाले. "जिथली वस्तू तिथं ठेवावी. मला परत लागते."

वन्संनी डबा फळीवर ठेवला. आश्रमाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.