बाटलीतला खडा

मूतखडा पाडणाऱ्या नव्या गोळीची चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई माळीकाकांना दर खेपेला दारातच विचारायच्या, “पडला का खडा?” काका ओशाळून ‘नाही’ म्हणायचे. मागच्या खेपेला मात्र त्यांनी खिशातून बाटली काढली. आत मसुराएवढा खडा! बाई अशा हुरळल्या, की सोनोग्राफी करायचंही विसरून बाटली विभागभर मिरवून आल्या. आज प्रयोगशाळेनं कळवलं, हा मूतखडा नव्हेच, साधा वाळूतला खडा आहे. बाईंनी काकांना तडक बोलावून घेतलं. “माझ्या अभ्यासाचे तीनतेरा वाजवलेत, काका! का केलंत असं?” “कुंडीतला आहे, ताई,” काका खाली बघत म्हणाले. “नाही म्हटलं, की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. बघवेना.” बाईंचा आवाज एकदम उतरला. “आणि दुखणं?” “ते होय? आहे की अजून,” काका कंबर चेपत समजुतीनं म्हणाले. “त्याचं तुम्ही कधी विचारलंच नव्हतंत ना.”