स्टेजआधीचं कोंडाळं

"आज मी प्रार्थना करणार नाही," ड्रमर म्हणाला, आणि कोंडाळ्यातून हात काढून घेऊन सरळ खुर्चीवर जाऊन बसला.

सभागृहामागच्या त्या खोलीत बँडचे चौघंच होते. बाहेर हॉल गच्च भरला होता. स्टेजवर जाण्याआधी चौघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभं राहायचं आणि एकानं येशूपाशी प्रार्थना करायची, हा या बँडचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. तो त्यांनी कधी चुकवला नव्हता. जागा नसली तर संडासाशेजारच्या बोळात उभे राहिले होते. एकदा उशीर झाला म्हणून धावत्या व्हॅनमध्येही प्रार्थना उरकली होती, आणि तीही व्हॅन चालवणाऱ्याचे डोळे मिटू न देता. प्रार्थनेचा नंबर फिरता असे. आज तो ड्रमरचा होता.

"डोकं दुखतंय का रे?" गायिकेनं विचारलं. ती त्याची थोरली बहीण, आणि बँडही तिनंच काढलेला.

"डोकं ठणठणीत आहे, ताई. विश्वास उरला नाही. नसताना आहे म्हणायचं नाही, एवढंच."

गिटारवाल्यानं गिटार गळ्यातून काढून ठेवली. हा गायिकेचा नवरा. गाणी त्याची आणि तत्त्वंही त्याचीच. गाण्यांत एखादी तडजोड तो करी, तत्त्वांत नाही.

"आत्ता सुचलं हे तुला? वेळ बरी साधलीस!"

"सुचलं कधीच, भावोजी. आज माझा नंबर आला, म्हणून बोलावं लागलं."

बेस वाजवणारा दिवसा दातांचा डॉक्टर होता. लोकांना जन्मभर 'आ' करायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र क्वचितच तोंड उघडी. तो भिंतीवरच्या स्विचकडे बघत राहिला.

विश्वास का उरला नाही, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं. ती अंथरुणावर होती तेव्हा दर कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी गायिका माइकवरून सांगायची, "आमच्या आईसाठी हात वर करा." आणि लोक करायचे. मागे ड्रमपाशी बसून तो ते सगळे हात बघायचा. इतके हात देवाला दिसणार नाहीत, असं होणंच शक्य नाही, असं तेव्हा त्याला मनापासून वाटायचं.

दारावर टकटक झाली. "चला, लोक थांबलेत," संयोजक बाहेरूनच म्हणाला.

"मग आज तू वाजवू नकोस," गिटारवाला ठामपणे म्हणाला. "अरे, आपली गाणी ऐकून पोरं गुडघे टेकतात. त्यांना काय सांगू? मागे बसलाय तो भाडोत्री आहे म्हणून?"

"भाडोत्र्याला बरे पैसे तरी मिळतात, भावोजी."

गिटारवाला बायकोकडे वळला.

"आपण तिघं वाजवू. ड्रमशिवाय."

"ड्रमशिवाय?" दातांच्या डॉक्टरला राहवलं नाही. "मग रॉक बँड कसला? चर्चमधली पोरांची रविवारची शाळा झाली ती!"

गायिका भावाकडे बघत होती. तिला भीती वाटत होती. बँड मोडेल ही भीती तर होतीच. पण आज हा या खोलीतून गेला की उद्या घरीही येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती. आणि त्याला थांबवायला त्याच्याकडून खोटं वदवून घ्यायचं, हेही तिला मुळीच जमणार नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "प्रार्थना नको करूस. खरं असेल तेच बोल. पण बोलायचं ते इथं, आमच्यात उभं राहून. नंबर तुझा आहे, तो मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"अगं, काहीतरीच काय!" गिटारवाला म्हणाला.

"तूही ये. हात टाक त्याच्या खांद्यावर."

तिचा हा आवाज नवऱ्याच्या ओळखीचा होता. या आवाजापुढे वाद घालून आजवर काही हाती लागलं नव्हतं. तो आला. डॉक्टरही आला. ड्रमर थोडा वेळ तसाच बसला, मग उठून मधे उभा राहिला. आज डोळे कुणीच मिटले नाहीत.

"आई बरी व्हावी म्हणून मी तुझ्याकडे गावोगाव मागितलं," ड्रमर वर न बघता म्हणाला. "माझ्यासाठी परक्या माणसांनीही मागितलं. तू ऐकलं नाहीस. ती किती कण्हत होती, ते मी ऐकलंय. माझं तुझं बोलणं संपलं. यापुढे मी तुझ्यासाठी वाजवणार नाही. ताईसाठी वाजवीन, आणि झकास वाजवीन. तुला ऐकायचं तर ऐक, नाहीतर राहिलं."

बाहेर लोक पाय आपटायला लागले होते.

"आमेन," गायिका म्हणाली. पुटपुटली नाही, चांगली मोठ्यांदा म्हणाली.

"आमेन," डॉक्टरनं घाईघाईनं री ओढली.

ड्रमरनं बहिणीकडे एकदा बघितलं, काठ्या उचलल्या आणि दार ढकलून स्टेजवर गेला. त्याला बघताच हॉल दणाणला. डॉक्टर त्याच्यामागे पळाला.

गिटारवाल्यानं दारातच बायकोचा दंड धरला. त्याचा चेहरा पडला होता. "त्याला आमेन म्हणालीस? असल्या बोलण्याला?"

"शब्दन् शब्दाला," ती म्हणाली. "आई माझीही होती."